४३ किलो

आईचं वजन ४३ किलो आहे. हा आकडा मला पाठ असायचं कारण म्हणजे दोन वर्षांपूर्वी पहाटे पावणेपाचला ती बाथरूमच्या दारात पडली, म्हणजे धाडकन पडली असं नाही, भिंतीला धरून हळूहळू खाली घसरली आणि बसली, आणि मला तिला उठवता आलं नाही. ४३ किलो फक्त. मी तेव्हा ६१ वर्षांची, रोज पाऊण तास चालणारी, शुगर नाही, बीपी नाही, वीस वर्षं वजन ५४ च्या वर जाऊ दिलेलं नाही आणि त्याचा तोरा मिरवणारी. काखेत हात घालून ओढायला गेले तर ती खांदा धरून ओरडली, मग समोरून दोन्ही हात धरून ओढलं तर माझ्याच कमरेत कळ आली, आणि आम्ही दोघी तिथेच फरशीवर बसून राहिलो. पाच मिनिटं तरी. शेवटी शेजारी बेल वाजवली. त्यांचा कॉलेजात जाणारा मुलगा अर्धवट झोपेत आला, "आजी, धरा मला घट्ट" म्हणाला, एका झटक्यात तिला उभी केली आणि जांभई देत परत गेला. खरं सांगायचं तर मला त्या जांभईचा राग आला होता. आम्ही दोघी जिथे हरलो ते काम तो पोरगा जांभई देत करून गेला.

त्याच्या तीन आठवडे आधी आई न्यूमोनियाने दवाखान्यात होती, दहा दिवस. त्याआधी ८४ व्या वर्षी ती जिने चढत होती, स्वतःचं सगळं स्वतः करत होती. दवाखान्यात तिच्या फुप्फुसांकडे सगळ्यांनी लक्ष दिलं आणि ती बरी झाली, त्याबद्दल तक्रार नाही. पण पायांकडे कोणी बघितलं नाही. मीही नाही. "पडून राहा, आराम करा" हेच सगळे म्हणत होते आणि मीही तेच म्हणत होते, उठायला लागली की दटावत होते. घरी आल्यावर ती कमोडवरून उठेना, तेव्हा डॉक्टर म्हणाले वय झालंय, अशक्तपणा राहणारच थोडा, आणि एक टॉनिक लिहून दिलं.

नंतर मी वाचत सुटले (माझी सवयच आहे, राग आला की मी वाचते) तेव्हा कळलं की २००७ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी चक्क हेच करून बघितलं होतं. सरासरी ६७ वर्षं वयाच्या, चांगल्या ठणठणीत मोजक्या लोकांना दहा दिवस नुसतं पलंगावर ठेवलं. ताप नाही, खोकला नाही, जेवण वेळेवर. तरी दहा दिवसांत त्यांच्या पायांतलं जवळजवळ एक किलो मांस गेलं. ठणठणीत माणसाचं हे, तर मग ताप आलेल्या, धड न जेवलेल्या ८४ वर्षांच्या बाईचं काय होत असेल? तिच्याकडे एक किलो सोडायला शिल्लक तरी होतं का?

या झिजण्याला नाव आहे, सार्कोपेनिया. १९८० च्या दशकाच्या शेवटी अर्विन रोझेनबर्ग नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञांनी ते दिलं, दोन ग्रीक शब्द जोडून, सार्क्स म्हणजे मांस आणि पेनिया म्हणजे कमतरता, गरिबी. मांसाची गरिबी. मला हे नाव फार पटलं, कारण गरिबीसारखंच आहे ते, एका दिवसात येत नाही, रोज थोडं थोडं उसनं काढत जातो आपण आणि मग एक दिवस पावणेपाचला डबा रिकामा निघतो. तिशीनंतर दर दहा वर्षांत ३ ते ८ टक्के स्नायू कमी होत जातात, साठीनंतर वेग वाढतो, आणि ताकद तर स्नायूंच्या आकारापेक्षाही भराभर उतरते. बायकांकडे मुळात भांडवल कमी असतं, त्यात पाळी गेली की इस्ट्रोजेनही हात काढून घेतं, हाडांवरचा तर घेतंच, स्नायूंवरचाही.

आणि जातं तेही सगळं सारखं जात नाही. स्नायूंत दोन जातीचे धागे असतात ढोबळमानाने. एक सावकाश चालणारे, दिवसभर न दमता काम करणारे, आपण उभे राहतो चालतो ते त्यांच्या जिवावर. दुसरे झटक्याचे, जे खुर्चीतून उठताना लागतात, पाय अडखळला की दुसरा पाय पटकन पुढे टाकून तोल सावरायला लागतात. म्हातारपणी आधी हे झटक्याचे धागे बारीक होतात. आणि ते जागे होतात जोर लावावा लागला तरच, बागेत फेऱ्या मारून फारसे नाही. इथे माझं नाक कापलं गेलं, कारण पंधरा वर्षं कोणीही काहीही विचारलं की माझं उत्तर एकच असायचं, मी चालते ना रोज. चालणं चांगलंच आहे, हृदयाला, शुगरला, झोपेला, ते मी आजही सोडलेलं नाही. पण चालून चालून मला फक्त चालता येत होतं.

आईला बघायला घरी एक फिजिओथेरपिस्ट यायला लागली. आईला आजी म्हणायची, मला काकू. पहिल्याच दिवशी तिने हात नसलेली साधी खुर्ची मागितली, भिंतीला टेकवून ठेवली आणि आईला म्हणाली, आजी, हात छातीवर असे दुमडा आणि उठून दाखवा. आईने दोनदा पुढे झोका घेतला आणि मग माझ्याकडे असं बघितलं की मी दुसरीकडे पाहिलं. एकदाही उठता आलं नाही. तिथल्या तिथे त्या मुलीने मला म्हटलं, काकू तुम्ही बसा बघू आता, पाच वेळा, जेवढं भरभर जमेल तेवढं. मला १४ सेकंद लागले. मला वाटलं छान. ती म्हणाली १५ च्या वर गेलं की आम्ही काळजी करतो. मग तो मुठीचा जोर मोजायचा चिमट्यासारखा डायनॅमोमीटर हातात दिला, मी दात-ओठ खाऊन दाबला, १७. आणि बायकांसाठी धोक्याची रेघ आहे १६ किलो. म्हणजे मी आईच्या रांगेतच उभी होते, फक्त दोन-चार माणसं मागे.

आता जरा आमच्या बायकांबद्दल बोलते, राहवत नाही म्हणून. आयुष्यभर आम्हाला एकच कौतुक ऐकायची सवय, "अय्या, किती बारीक झालीस!" हे ऐकलं की दोन दिवस छान जातात. वजनाच्या काट्यावर उभं राहायचं तेही आकडा खाली आला का बघायला. आणि म्हाताऱ्या बायकांना तर काटक म्हणायची पद्धतच आहे, आजी कशा काटक आहेत, वाऱ्याने उडतील. अहो, वाऱ्याने उडणारी बाई काटक कशी? काटक म्हणजे चिवट, दोरखंडासारखी. काट्याला बिचाऱ्याला काय कळतंय, तो मांस आणि चरबी एकाच तागडीत तोलतो. माझे ५४ किलो वीस वर्षांपूर्वीचे आणि आत्ताचे एकच नव्हते, आतला माल बदलत गेला होता आणि वरचं लेबल तेच. मधल्या काळात केलेली ती सगळी डाएट्स, रात्रीचं जेवण सोडणं, आठवडाभर सूपवर राहणं, त्यात गेलं ते काय काय गेलं असेल कोण जाणे, परत आली ती मात्र चरबीच आली असणार.

तर मी जिमला गेले. पहिला महिना लाजण्यातच गेला, चहूकडे आरसे आणि त्यात मी, लेकीच्या जुन्या ट्रॅकपँटमध्ये. ट्रेनर पंचविशीची मुलगी, आडदांड अजिबात नाही, पण जमिनीवर पक्की उभी राहणारी. तिने मला वजन दिलंच नाही आधी. हातात पीव्हीसीचा पाइप दिला आणि वाकायला शिकवलं. मी आपली पाठीतून वाकतेय, आयुष्यभर वाकत आले तशी. ती म्हणाली, "काकू, दोन्ही हातांत पिशव्या आहेत आणि मागे गाडीचं दार उघडं आहे, कशाने ढकलाल?" मी आपसूक पार्श्वभाग मागे ढकलला. "झालं, हेच डेडलिफ्ट, जमिनीवरून वजन उचलणं. पाठ सरळ, बिजागरी कमरेखाली." ६१ व्या वर्षी मला वाकता येत नाही हे कळलं आणि दहा मिनिटांत वाकायला आलंही, याचं हसावं की रडावं.

मग ८ किलोची केटलबेल, म्हणजे कडीवाला लोखंडी गोळा, मग १२, मग सहा-सात आठवड्यांनी पहिल्यांदा नुसता बार, तो २० किलोचा असतो. त्याच्या दांडीवर पकडीसाठी बारीक खरखरीत नक्षी असते, ती तळव्याला टोचते, बोटांच्या मुळाशी पिवळसर घट्टे पडतात. मला ते घट्टे आवडायला लागलेत, फोनवर बोलता बोलता अंगठ्याने चाचपत बसते. सुरुवातीला ताकद फार भराभर वाढली, मला वाटलं काय स्नायू आलेत, पण ट्रेनरने फुगा फोडला, म्हणाली पहिले काही आठवडे स्नायू तेवढेच असतात, मेंदू आणि नसा त्यांना नीट कामाला लावायला शिकतात, आधीच असलेले पण झोपा काढणारे धागे उठतात. मांस चढायला महिने लागतात. आणि एक गोष्ट ती कधी सोडत नाही, शेवटचे दोन रेप्स, म्हणजे शेवटच्या दोन वेळा उचलणं, जड गेलेच पाहिजेत. हसत हसत पंधरा वेळा उचलता आलं तर वजन कमी आहे. गुलाबी रंगाची एक किलोची डंबेल्स कोपऱ्यात होती, त्यांच्याकडे तिने मला बघूही दिलं नाही.

माझी हाडं ठिसूळ होण्याच्या वाटेवर आहेत असा रिपोर्ट होता जुना, आणि त्यावर मला कुणीतरी सांगितलेलं की जड काही उचलू नका. ते डोक्यात इतकं बसलेलं की दुधाची मोठी कॅन सुद्धा मी दुसऱ्याला उचलायला लावायचे. २०१८ मध्ये ऑस्ट्रेलियातला एक अभ्यास आला, लिफ्टमोर नावाचा. पाळी गेलेल्या, हाडांची घनता कमी असलेल्या १०१ बायका. अर्ध्या बायकांनी आठ महिने, आठवड्यातून दोनदा, अर्धा अर्धा तास, चांगलं जड वजन उचललं, डेडलिफ्ट, स्क्वॉट म्हणजे खांद्यावर बार घेऊन उठबस, डोक्यावर प्रेस, पाच पाच वेळा उचलण्याचे पाच सेट, शिवाय उडी मारून धपकन उतरणं. उरलेल्यांनी घरी हलका व्यायाम केला. उचलणाऱ्यांच्या मणक्याची घनता २.९ टक्क्यांनी वाढली, हलक्यावाल्यांची १.२ टक्क्यांनी घटली. आता लगेच उठून कुणी बार उचलू नका, त्या बायकांवर शिकलेल्या माणसाची सतत नजर होती आणि आधी हलक्या वजनावर नीट शिकवून मग वाढवत नेलं होतं. मणका आधीच मोडलेला असेल, हृदयाचं काही असेल तर डॉक्टरला विचारूनच. पण "उचलू नका" हा सरसकट सल्ला माझ्या मते बायकांना मिळालेला सगळ्यात महाग फुकटचा सल्ला आहे.

इकडे आईचं वेगळंच चाललं होतं. नातेवाइकांनी पावडरचे डबे आणून दिले, एकावर तर पांढऱ्या केसांची हसरी बाई. आईला ते आवडायचं, गोड होतं ना. एके दिवशी चष्मा लावून मागचं लेबल वाचलं तर साखर वर आणि प्रोटीन कुठे खाली, नावाला. मग मी वही घेतली आणि तिचा एक पूर्ण दिवस लिहून काढला. सकाळी चहा-टोस्ट, दुपारी चार घास, संध्याकाळी परत चहा-टोस्ट, रात्री अर्धा कप दूध. बेरीज आली २२ ग्रॅम प्रोटीन. सर्वसाधारण मोठ्या माणसाला वजनाच्या दर किलोला ०.८ ग्रॅम लागतं असं धरतात, आणि ६५ च्या पुढच्यांसाठी २०१३ साली तज्ज्ञांच्या एका गटाने १ ते १.२ सांगितलंय, आजारातून उठलेल्याला १.२ ते १.५ सुद्धा. म्हणजे आईला कमीत कमी ४३, खरं तर ५० च्या पुढे. ती निम्म्यावर जगत होती आणि आम्ही म्हणत होतो, म्हाताऱ्या माणसाला किती लागतंय? (किडनीचा गंभीर आजार असेल तर हे गणित पूर्ण उलटं होतं, तिथे प्रोटीन मोजून कमी करावं लागतं, म्हणून आधी रक्त तपासलं होतं आम्ही.)

म्हातारपणी उलट जास्त प्रोटीन का लागतं, हे आईला समजावताना मला तिचं श्रवणयंत्र उपयोगी पडलं. म्हटलं, तुला पूर्वी कुजबुजलेलं ऐकू यायचं, आता ओरडावं लागतं, तसंच स्नायूंचं. तरुण स्नायूला थोडं प्रोटीन मिळालं तरी तो बांधकामाला लागतो, म्हाताऱ्या स्नायूला एका वेळेला भरघोस मिळालं, २५-३० ग्रॅम, तरच तो हलतो. दिवसभर चिमूट चिमूट दिलेलं त्याला ऐकूच येत नाही. आणि व्यायाम म्हणजे ते यंत्र, ते कानात असलं की तेवढाच आवाज मोठा वाटतो. आई म्हणाली, "म्हणजे माझे पाय बहिरे झालेत म्हण की."

पण २५ ग्रॅम एका जेवणात घालणं बोलायला सोपं. एका अंड्यात ६ ग्रॅम, पेलाभर दुधात ८, शिजलेली डाळ किंवा कडधान्य १०० ग्रॅम घेतलं तर ९ च्या आसपास, शिजलेलं चिकन १०० ग्रॅम म्हणजे ३० पर्यंत. चार घास खाणाऱ्या बाईला हे कुठून पुरवायचं? भांडणं झाली. "मला पोपटासारखं भरवू नकोस" इथपर्यंत. शेवटी दोन-तीन युक्त्या चालल्या, ताटातलं प्रोटीनचं जे असेल ते आधी संपवायचं आणि बाकी नंतर, दुधात दुधाचीच पावडर ढवळायची म्हणजे पेला तेवढाच आणि प्रोटीन जास्त, आणि टोस्टबरोबर दोन अंडी. व्हे प्रोटीनची पावडर पण आणली, ती शेवटी दुधातूनच येते, त्यात घाबरण्यासारखं काही नाही आणि नवल करण्यासारखंही काही नाही. सगळा दिवस मिळून ४५-५० होतात आता, २५ फक्त सकाळी जमतं. चालायचं.

नुसतं खाऊनही भागत नाही, हे मात्र मी सगळ्या नातेवाइकांना सांगून सांगून थकले. १९९४ साली बॉस्टनच्या एका वृद्धाश्रमात मारिया फियाटारोन या डॉक्टरांनी १०० जणांवर दहा आठवडे प्रयोग केला, सरासरी वय ८७, त्यात ६३ बायका. काहींना पायांचा जड व्यायाम, काहींना पौष्टिक पेय, काहींना दोन्ही, काहींना दोन्ही नाही. व्यायाम करणाऱ्यांची ताकद दुपटीच्या वर गेली. नुसतं पेय पिणाऱ्यांच्या ताकदीत फरक पडला नाही. त्याआधी १९९० मध्ये त्यांनीच सरासरी नव्वद वर्षांच्या दहा जणांना आठ आठवडे वजन उचलायला लावलं होतं, पूर्ण करणाऱ्या नऊ जणांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. नव्वदीत! मी हे आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "त्यांच्याकडे वेळ असेल."

तिचा व्यायाम म्हणजे ती खुर्ची. आधी खुर्चीवर दोन जाड उशा, म्हणजे उंचावरून उठायचं, हात टेकून. मग हात न टेकता. मग एक उशी काढली, ती काढली त्या दिवशी ती माझ्याशी दिवसभर बोलली नाही. पाचचे तीन सेट, एक दिवसाआड, आणि ओट्याला धरून टाचा उचलणं, एका पायावर उभं राहणं. मोजायची स्वतः, आणि मोजताना बेइमानी करायची, तीननंतर थेट पाच. पाच महिन्यांनी दुसरी उशी निघाली.

माझ्या बाजूने मी एकच आकडा डोक्यात धरून होते. कुणाला सांगितला नव्हता. चौदा महिन्यांनी बारच्या दोन्ही बाजूंना दहाची आणि अडीचची प्लेट चढली, एकूण ४५, आणि तो जमिनीवरून उठला, पायांच्या नडग्यांना घासत वर आला, मी सरळ उभी राहिले आणि मला रडू यायला लागलं. ट्रेनर घाबरली, "काकू, पाठ?" म्हटलं नाही गं, पाठ ठीक आहे.

घरी येऊन सांगितलं तर आईने विचार केला आणि म्हणाली, "म्हणजे मी पडले की तू उचलशील." मी म्हटलं हो. आणि पुढच्याच भेटीत फिजिओने यावर पाणी ओतलं. काकू, पडलेल्या माणसाला उचलायचंच नाही कधी. बार दोन्हीकडे सारखा असतो, पकडायला दांडी असते, माणूस सैल असतो, आपल्याला चिकटतो, दोघंही पडतात. आधी कुठे दुखतंय, लागलंय का बघायचं, शंका आली तर हलवायचंच नाही, मदत बोलवायची. ठीक असेल तर खुर्ची आणून तिच्या समोर ठेवायची, तिला कुशीवर वळवायचं, मग कोपरावर, मग रांगत्या अवस्थेत, हात खुर्चीच्या बैठकीवर, बरा असलेला पाय पुढे टाकायचा आणि तिने स्वतः उठायचं. तुम्ही खुर्ची धरायची फक्त. मी जरा खट्टूच झाले, चौदा महिने राबून शेवटी काम काय, तर खुर्ची धरायचं. आम्ही गादीवर रंगीत तालीम केली दर रविवारी, आई वैतागायची, लहान मुलासारखं रांगायला लावताय म्हणायची.

गेल्या महिन्यात ती पलंगाखाली गेलेला चष्मा काढायला वाकली आणि तिथेच बसली. आवाज आला म्हणून मी धावले, सवयीने काखेत हात घालायला वाकले, तर ती म्हणाली, "खुर्ची." मी खुर्ची आणली. ती वळली, कोपरावर आली, थांबली, गुडघ्यांवर आली, परत थांबली, चांगली दोन मिनिटं नुसती धापा टाकत खुर्चीवर कपाळ टेकून होती, मला वाटलं आता शेजारी जावं लागणार. मग उजवा पाय पुढे आला. गाऊनच्या खाली मांडी थरथरताना दिसत होती मला, मी खुर्चीची पाठ दोन्ही हातांनी इतकी घट्ट धरलेली की घट्टे दुखायला लागले. ती उठली. वळून बसली, केस सारखे केले, पाणी मागितलं.

पाणी प्यायल्यावर म्हणाली, "खुर्ची हलत होती. नीट धरत जा."